बाळाला पुरळ आलं की आईचं ताट का रिकामं होतं?

गेल्या महिन्यात भाचीला आणि तिच्या बाळाला बघायला गावाकडं गेले होते. पहिलं बाळंतपण, त्यामुळं माहेरी आलीय. बाळ चार महिन्यांचं. दोन्ही गाल लालभडक, कपाळावर खवले, हातापायांवर ओरखडे. रात्रभर डोकं गादीवर घासतं. ना स्वतः झोपतं, ना आईला झोपू देतं.

दुपारी ताटं वाढली. आमच्या ताटात भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं भरीत, दही. तिच्या ताटात मऊ भात, मुगाचं पाण्यासारखं वरण आणि दुधीची बिनतिखटाची भाजी. मी विचारलं, "अगं, तुला चटणी नको?" ती काही बोलली नाही. अक्काच म्हणाली, "तिला बंद हाय. लेकराला बाधतंय."

फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. शेंगदाणे, अंडी, दूध, दही, हरभरा, तूरडाळ, वांगं, टोमॅटो, मटण, गूळ, लिंबू. अकरा पदार्थ. ही यादी एकाही डॉक्टरनं दिलेली नव्हती. शेजारणीनं अंडी सांगितली, औषधाच्या दुकानात दूध बंद करा म्हणाले, मोबाइलवरच्या एका व्हिडिओत आणखी तीन-चार मिळाले, आणि उरलेले अक्कानं "कशाला जोखीम" म्हणून घातले. पुरळ गेलं नाही की यादीत एक पदार्थ वाढायचा. अकरा पदार्थ काढूनही पुरळ तसंच आहे, तर कारण ताटात नसेलच कदाचित, असं घरात एकालाही वाटलं नाही.

भाचीचं रक्त मागच्या तपासणीत ८.६ भरलं होतं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि रडायला लागली. "मावशी, पोटुशी असताना मी रोज शेंगा खायचे गं. त्यामुळंच झालं का याला?"

ही पोस्ट तिच्या त्या प्रश्नासाठी लिहितेय. कारण हा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या बायका आपल्या गावागावात आहेत आणि त्यांना कुणी सरळ उत्तर देत नाही. उत्तर आहे: नाही, तुझ्या शेंगांमुळं नाही झालं.

आधी एक कबुली. मी डॉक्टर नाही. आणि हीच चूक मी स्वतः केलेली आहे. माझा मुलगा २००१ चा. त्यालाही असंच इसब होतं. तेव्हा मला चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांनीच शेंगदाणे आणि अंडी बंद करायला सांगितली होती. ते खोटं बोलत नव्हते. त्या काळी जगभर हाच सल्ला होता. १९९८ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्यानं सांगितलं होतं की घरात दमा, इसब, ॲलर्जी असेल तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शेंगदाणे टाळावेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २००० साली तशाच अर्थाची शिफारस केली. मुलांनाही तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका म्हणाले.

मग काय झालं? ॲलर्जी कमी झाली नाही. उलट त्या देशांत शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच गेली. शेवटी अमेरिकेनं २००८ साली आणि इंग्लंडनं २००९ साली तो सल्ला मागं घेतला. कोक्रेन नावाचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे, एकाच विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून ते ताडून बघतो. त्यांनी आईच्या पथ्यावरचे अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की गरोदरपणात किंवा पाजताना अंडी, दूध, शेंगदाणे टाळल्यानं बाळाचं इसब टळतं याला पुरावा मिळत नाही. आणि अशा पथ्यानं गरोदर बाईचं वजन पुरेसं वाढत नाही, ही काळजी मात्र त्यांनी नोंदवली.

थोडक्यात, ज्यांनी हे पथ्य सुरू केलं त्यांनी ते कधीच सोडलं. आपल्याकडं मात्र ते अजून घराघरात चालू आहे. आपल्या जुन्या "वातुळ", "उष्ण", "बाधतं" यांच्यात ते इतकं मिसळून गेलं की आता आजीचं कुठलं आणि डॉक्टरचं कुठलं हेही कळत नाही.

मग इसब होतं कशानं? मला समजलं ते साध्या शब्दांत सांगते. आपली कातडी म्हणजे घराची भिंत समजा. काही मुलांच्या भिंतीचा गिलावा जन्मतःच कच्चा असतो. आतलं पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, बारीक तडे जातात आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. मग लाली, खाज, खाजवल्यावर जखम आणि जखमेनं आणखी खाज. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांच्या चमूनं दाखवलं की फिलाग्रिन नावाचं कातडीतलं एक प्रथिन आहे, त्याच्या जनुकात दोष असला की इसबाचा धोका बराच वाढतो. म्हणून हे घराण्यात चालत येतं. आईला किंवा बापाला दमा, सर्दीची ॲलर्जी, इसब असेल तर मुलाला व्हायची शक्यता जास्त. बापाला हं! भाचीच्या नवऱ्याला लहानपणी दमा होता, सकाळी उठल्यापासून अजूनही शिंका येतात. त्याच्या ताटातलं काही कुणी काढलं नाही.

आता यातली सगळ्यात उलटी गंमत. इंग्लंडमध्ये गिडिऑन लॅक नावाच्या डॉक्टरांच्या गटानं २००३ साली हजारो मुलांची माहिती तपासली. शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांच्या आयांनी गरोदरपणात काय खाल्लं, याचा संबंध त्यांना सापडला नाही. संबंध सापडला तो शेंगतेल असलेली मलमं मुलांच्या चिघळलेल्या कातडीला लावण्याशी. त्यावरून विचार पुढं गेला तो असा: पोटातून जाणारं अन्न शरीर ओळखायला शिकतं, पण तेच अन्न फाटक्या कातडीतून आत गेलं तर शरीर त्याला शत्रू समजतं.

आता आपल्या घरातलं चित्र बघा. आईला हरभरा खायला बंदी, आणि त्याच हरभऱ्याच्या डाळीचं पीठ दुधात कालवून बाळाच्या चिरलेल्या अंगावर रोज रगडतात. "लव जाते, रंग उजळतो." भाचीच्या बाळाला हेच चालू होतं. वरून कढत पाणी, सुगंधी साबण आणि आंघोळीनंतर शेगडीवर धूप-ओव्याची धुरी. ज्या कातडीत तडे गेलेत तिला यातली एकेक गोष्ट त्रासाची.

शेंगदाण्याचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण आपण सोलापूरची माणसं, शेंगाची चटणी आपल्या घरात मिठासारखी. याच लॅक यांच्या लक्षात आलं की इंग्लंडमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट आहे. वंश सारखा. फरक काय? इस्रायलमधली बाळं वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे कुरकुरीत खाऊ खातात, इंग्लंडमधल्या बाळांना ते देतच नव्हते. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं निवडली. निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षं अजिबात नाही. २०१५ साली निकाल आला. न खाणाऱ्यांपैकी साधारण १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्के. ज्याला इतकी वर्षं आपण "काळजी" म्हणत होतो, तेच महागात पडत होतं.

आता मुद्द्याचं बोलते. हा विषय मला फक्त आरोग्याचा वाटत नाही, हा बाईच्या ताटाचा विषय आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त हवीत. आता हिशेब करा. एका अंड्यात ६ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅम. पेलाभर दुधात ६ ग्रॅम. बेरीज १९. म्हणजे तिला जेवढं जास्तीचं हवंय, जवळपास तेवढंच आपण तिच्या ताटातून काढून घेतो. आणि हे तिन्ही पदार्थ आपल्याकडच्या साध्या घराला परवडणारे. मटण-काजू-बदाम रोज कुणाकडं असतात? गरिबाच्या ताटातून शेंगा, अंडी आणि डाळ गेली की उरतो नुसता भात.

सरकारला हे कळतं, हेही सांगायला पाहिजे. अंगणवाडीतून गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना घरी न्यायचा शिधा मिळतो, तो याचसाठी. आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावानं अमृत आहार योजना आहे, तिथं या बायकांना रोज एक वेळचं ताजं चौरस जेवण देतात आणि लहान मुलांना अंडी. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, हा नियमच आहे. एका हातानं सरकार देतं, आणि घरात दुसऱ्या हातानं आपण काढून घेतो. कागदावर लाभार्थी झाली, पोटात काही गेलं नाही.

पैशापेक्षाही मला जास्त टोचतं ते दुसरंच. पुरळ बाळाला येतं आणि गुन्हेगार आई ठरते. "काय खाल्लं होतंस?" हा पहिला प्रश्न. बाळ रडलं, तू काय खाल्लंस. शी पातळ झाली, तू काय खाल्लंस. आणि तीही निमूट ऐकते, कारण बाळासाठी आई काहीही सोडेल. तिच्या त्या मायेवरच आपण हे पथ्य चालवतो. माझ्या अक्कासारखी प्रेमळ बाई मी दुसरी पाहिली नाही. लेकीवर जीव आहे तिचा. तरी तिच्याच हातानं लेक उपाशी राहत होती. म्हणून सासवांना शिव्या घालून हा प्रश्न सुटणार नाही. यात वाईट कुणीच नाही, फक्त कुणी खरं सांगितलेलं नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच. काही थोड्या बाळांना खरंच अन्नाची ॲलर्जी असते. ज्या बाळाचं इसब फार लवकर सुरू झालं, फार तीव्र आहे आणि नीट उपचार करूनही हटत नाही, त्याच्यात ही शक्यता जास्त. शीतून रक्त येणं, वजन न वाढणं, एखादी वस्तू तोंडात गेल्यावर लगेच गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या होणं, या खुणा असतील तर बालरोगतज्ज्ञाकडं जायलाच हवं. श्वास लागला तर घरी थांबायचंच नाही, तडक दवाखाना. अशा वेळी डॉक्टर आईला एखादा पदार्थ दोन-चार आठवडे बंद करायला सांगतात, मग पुन्हा सुरू करून बघतात. पण ते असतं एकेका पदार्थाचं, ठरावीक मुदतीचं, आणि बदली काय खायचं ते सांगून. फ्रिजवरच्या अकरा पदार्थांच्या कागदाशी त्याची बरोबरी नको. आईला स्वतःला ज्या वस्तूची ॲलर्जी आहे ती तिनं अर्थातच खाऊ नये.

आणि उलटंही नको. गरोदरपणात अमुक खा म्हणजे बाळाला इसब होणारच नाही, असं सांगून पावडरी विकणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. तशी खात्री कुणी देऊ शकत नाही. "दोनशे पदार्थांची ॲलर्जी एका रक्ताच्या थेंबात" अशी पाकिटं हल्ली मोबाइलवर दिसतात. आयजीजी नावाच्या ज्या तपासणीवर त्यातली बरीच चालतात, ती अन्नाच्या ॲलर्जीसाठी वापरू नका असं ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्पष्ट सांगितलंय. पैसे जातात आणि यादी अकराची चाळीस होते.

गरोदर बाईचं काही बंदच करायचं असेल तर मिश्री बंद करा. आपल्याकडं कितीतरी घरांत अजून सकाळची सुरुवात मिश्रीनं होते आणि पोटुशी बाईलाही "थोडी चालते" म्हणतात. मिश्री म्हणजे तंबाखू, तिनं बाळ कमी वजनाचं होतं. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बाहेर काढा. ते पथ्य कुणी फ्रिजवर चिकटवत नाही.

भाचीला आम्ही सोलापुरात कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी यादी वाचली आणि कागद परत दिला. म्हणाले, आईनं सगळं खायचं. त्यांनी बाळासाठी जे सांगितलं ते असं: आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांतच. डाळीचं पीठ बंद, सुगंधी साबण बंद, धुरी बंद. अंग टिपून घेतल्याबरोबर, कातडी ओलसर असतानाच, जाडसर मलम भरपूर लावायचं, दिवसातून दोन-तीनदा. लोकरी टोपरं थेट अंगाला नको, आत सुती कापड. नखं कापलेली. आणि लाल जागेवर लावायला सौम्य स्टेरॉइडचं मलम, किती दिवस आणि किती लावायचं ते लिहून.

स्टेरॉइड म्हटल्यावर अक्का घाबरली. डॉक्टरांनी समजावलं की मोजून, त्यांच्या देखरेखीखाली लावलं तर ते औषध आहे. धोका आहे तो दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या मिश्र मलमाचा. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध, जंतूंचं औषध सगळं एकत्र कोंबलेलं असतं. दोन दिवसांत गाल गोरे दिसतात, आणि सोडलं की दुप्पट उसळतं. २०१८ साली केंद्र सरकारनं बऱ्याच स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी घातली. आपल्या गावात ही ट्यूब आज किती सहज मिळते, ते तुम्हीच सांगा.

तीन आठवड्यांत बाळाचे गाल बरेच निवळले. पूर्ण बरं झालं असं म्हणणार नाही. मध्ये एकदा पुन्हा उठलं होतं, थंडीत आणखी उठेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. बहुतेक मुलांचं वय वाढेल तसं कमी होतं, माझ्या मुलाचंही झालं. भाची आता भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाते, रोज एक अंडं खाते, आणि त्यानं बाळाचं काही वाढलेलं नाही. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं सुरू करायचं. त्यातही अंडं आणि शेंगदाणा मुद्दाम लांबवायचा नाही. अंडं पूर्ण शिजलेलं. शेंगदाणा अख्खा कधीच नाही, तो लहान मुलाच्या घशात अडकतो. बारीक कूट पेजेत नीट मिसळून. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

माझ्या तीन मागण्या आहेत.

अंगणवाडीत दर महिन्याला आरोग्य आणि पोषण दिवस असतो. सुनेला एकटीला बोलावून उपयोग नाही. त्या दिवशी घरातल्या मोठ्या बाईलाही आणि नवऱ्यालाही बोलवा आणि हा विषय घ्या. आशाताईंनी घरी गेल्यावर गोळ्यांबरोबर एक प्रश्न विचारावा: "तुझ्या ताटातलं काय काय बंद केलंय?"

दवाखान्यांनी पथ्याचे छापील जुने कागद एकदा काढून वाचावेत. वीस वर्षांपूर्वीचा सल्ला अजून वाटत असाल तर तो फाडून टाका.

आणि आपण घरच्यांनी एवढंच करायचं. डॉक्टरनं नाव घेऊन, मुदत घालून सांगितल्याशिवाय गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईच्या ताटातला एकही पदार्थ काढायचा नाही.

तुमच्या घरात बाळंतिणीला काय काय बंद करतात, ते खाली लिहा. सगळ्या याद्या एकत्र करून मी आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडं घेऊन जाणार आहे. त्यांनी एकेका पदार्थावर खरं काय ते सांगावं, आणि ते मी इथंच टाकीन.